आवाजाला येणारा वास

हसुराम म्हात्रे थुंकले की मी समजायचे, कुठेतरी लाऊडस्पीकर लागला. आमची शाळा पनवेलच्या बाजाराला लागून होती आणि बाजारात बाराही महिने कुणाची जयंती, कुणाचं उद्घाटन, नाहीतर चादरींचा सेल चाललेला असायचा. कर्ण्यातून पहिलं "हॅलो, हॅलो" आलं की म्हात्रे प्रयोगशाळेतून लगबगीने बाहेर पडायचे, व्हरांड्याच्या टोकाला जायचे आणि मागच्या गटारात पचकन थुंकायचे. मग तोंड पुसत आत येऊन म्हणायचे, "बाई, या आवाजाला वास येतोय."

मला थुंकणाऱ्या माणसांचा मनस्वी तिटकारा आहे. एसटी स्टँडवरचे रंगलेले कोपरे दिसले की मी आजही पदर नाकाला लावते. तेव्हा माझ्याच प्रयोगशाळेत असा माणूस यावा, हा मला नशिबाने केलेला चावटपणा वाटायचा. पहिल्याच महिन्यात मी त्यांना फैलावर घेतलं. त्यांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी नाक दाबता बाई. कान कसा दाबायचा ता सांगा. आवाज तोंडात उतरतो माझ्या."

मी पदार्थविज्ञान शिकवायचे आणि म्हात्रे आमचे प्रयोगशाळा परिचर होते. पन्नाशीला टेकलेले, काळेसावळे, हातावर ॲसिडचे पांढरे डाग. नाव हसुराम, पण हा माणूस हसताना मी दोनदाच पाहिला. नाकाची मात्र त्यांना अजिबात पर्वा नव्हती. फॉर्मॅलीनमधला बेडूक उघड्या हाताने काढून पोरांना दाखवायचे, बरणी बंद करायचे, हात धुवायचे (धुवायचे, हे मी मुद्दाम बघायचे) आणि त्याच टेबलाच्या टोकाला डबा उघडून सुके बोंबील खायला बसायचे. सडक्या अंड्यांच्या वासाचा तो गॅस तयार करायच्या दिवशी अख्खी शाळा बोंब मारायची. म्हात्रे त्यात उभे राहून परीक्षानळ्या विसळायचे. त्यांची सगळी किळस कानात जमा झाली होती.

आवाजाबद्दल बोलताना ते खाण्याचेच शब्द वापरायचे. मुख्याध्यापकांचा आवाज "शिळा", नव्या घंटेचा "आंबलेला", शेजारच्या कॅसेटच्या दुकानातला "कुजका". माझ्याबद्दल एकदा विचारलं, तर बराच विचार करून म्हणाले, "तुमचा खारट हाय. पण ताजा हाय." मी आठवडाभर नववीच्या वर्गात जरा जपून बोलत होते.

ही नव्वद सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. म्हात्र्यांचं गाव उरणच्या रस्त्यावर, खाडीच्या कडेला. जमिनी सरकारने घेतल्या होत्या, घरोघर मोटरसायकली आल्या होत्या, आणि गावच्या मंडळाने पुरुषभर उंचीचे स्पीकरचे दोन खोके आणले होते. गावातलं प्रत्येक लग्न त्या खोक्यांसमोर लागायचं. मी एका लग्नाला गेले होते, तेव्हा ते ऐकले. आवाज कसला, छातीवर कुणी उशी आपटतंय असं वाटत होतं. पाण्याच्या ग्लासात वर्तुळं उठत होती. मंडळाची जाणती पोरं बरगडीवर हात ठेवून एकमेकांना म्हणत होती, "बसतोय बघ कसा!" आवाज ऐकण्याची नाही, अंगात बसण्याची वस्तू झाली होती. मला खरोखर मळमळायला लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा म्हात्रे थुंकले आणि मी त्यांच्यावर डोळे वटारले नाहीत.

पण त्यांचा संताप नुसता कानाचा नव्हता. त्यांची आई, चांगुणाबाय, गावची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला धवलारीण धवला गाते. तिचं गाणं म्हणजेच तिकडचे मंत्र. चाळीस वर्षं पंचक्रोशीतली लग्नं चांगुणाबायने लावली होती. आता तिच्या हातात माइक दिला जायचा, आणि खोक्यातून बाहेर पडायचा तो फक्त घूं घूं घूं. शब्द कुणाला कळत नव्हते. गेली दोन वर्षं मांडवात कुरकुर वाढली होती. "म्हातारीचा काय कळत नाय," असं पोरं म्हणायची, मग पोरांचे बापही म्हणू लागले. मंडळाने धवल्याची एक कॅसेट आणून ठेवली होती. पुढच्या वर्षापासून लग्नात तीच लावायची, असं जवळजवळ ठरलं होतं. त्याआधी एकच मोठं लग्न व्हायचं होतं, ते म्हात्र्यांच्या मुलीचं, रंजनाचं. तिथे आईचे शब्द कळले तर कळले. नाहीतर चाळीस वर्षांचा मान एका कॅसेटला जाणार होता.

"आयचा आवाज नाय बिघडला," म्हात्रे मला म्हणाले. "घरात बोलते ती चांगली घंटेसारकी. खोका सडलाय."

मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा चांगुणाबाय पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. एवढीशी, वाळलेली, कपाळ मोकळं, डोळे मात्र लखलखीत. आवाज खरंच खणखणीत. मला जवळ बसवून तिने विचारलं, "तुजा लगीन कोनी लावला गो?"

"भटजींनी," मी म्हटलं.

"मंग तेला तुजा नाव तरी ठाव व्हता काय?"

मला आठवलं, आमच्या भटजींनी खरोखरच दोनदा चिठ्ठी बघितली होती. म्हातारी खुदकन हसली. धवल्यात सगळ्यांची नावं घ्यावी लागतात, ती सांगू लागली. नवरीचं, नवऱ्याचं, आयबापाचं, मामाचं, करवलीचं. नाव घेतल्याशिवाय हळद अंगाला लागत नाही. मी म्हटलं, एखादी ओळ म्हणून दाखवा ना. तर तिने कानाला हात लावला. मांडव नसताना धवला गायचा नाही, हा तिचा नेम होता. उगाच गायलं तर कुणाचं तरी मोडतं. स्वतःच्या मुलासाठीसुद्धा तिने तो नेम कधी मोडला नव्हता. निघताना तिने माझा हात धरून परत विचारलं, "तुजा लगीन कोनी लावला गो?" मी हसून परत सांगितलं. म्हातारी माणसं विचारतातच.

मग एके दिवशी म्हात्रे मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, खोका उघडला. चला, दावतो." म्हणजे त्यांनी मंडळाकडून एक खोका दुरुस्तीच्या नावाखाली उचलून थेट घरी नेला होता. शाळा सुटल्यावर त्यांच्या पडवीत, मागची फळी काढल्यावर मी आत वाकून पाहिलं. खोक्याला पुढून तीन स्पीकर होते. एक मोठा, एक मधला, एक छोटा. मोठ्याला वायर सरळ मशीनमधून आलेली. छोट्याला एक कंडेन्सर काळ्या चिकटपट्टीने लटकवलेला. आणि मधल्याला मागे काहीच नव्हतं. वायर नाही, चुंबक नाही. प्लास्टिकची नुसती थाळी, पुढून चंदेरी रंग दिलेली. तीन स्पीकर दिसावेत म्हणून बसवलेली.

म्हात्रे थुंकायलासुद्धा उठले नाहीत. "दोन वरसा मी या थाळीकडं बघून आयचा आवाज शोधतोय," एवढंच म्हणाले. मला मात्र असा राग आला की ती थाळी मी स्वतः पिना काढून बाहेर ओढली. ज्याने ती लावली त्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण त्या माणसाबद्दल माझ्या मनात जी घृणा बसली ती आजही तशीच आहे.

तिथून आमचा उद्योग सुरू झाला. थाळीच्या जागी म्हात्र्यांनी बाजारातून खरा स्पीकर आणून बसवला. आमचा म्हणायचं, पण माझं सगळं ज्ञान फळ्यावरचं होतं. मी त्यांना पाठकोऱ्या कागदावर आकृती काढून दिली. तारेची गुंडाळी जाड आवाज जाऊ देते, बारीक अडवते. कंडेन्सर त्याच्या उलट. दोन्ही नीट जोडले की जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे, बारीक छोट्याकडे आणि माणसाचं बोलणं मधल्याकडे जातं. या वाटणी करणाऱ्या जोडणीला क्रॉसओव्हर म्हणतात, असं मी सांगितलं आणि हात झटकले. म्हात्र्यांनी तो कागद घडी करून टोपीत ठेवला.

उरण नाक्यावर मुकादमभाईंचं जळलेल्या मोटारींत तार भरून द्यायचं दुकान होतं. कुवेतला दहा वर्षं काढून आलेला माणूस, दाढीला मेंदी, बोलणं मिठ्ठास. म्हात्रे तिथून तांब्याची तार आणायचे. एकदा मीही बरोबर होते. "अरे म्हात्रे, इतनी तार? पंखा भरतोस की पंप?" मुकादमभाईंनी विचारलं. "घसा भरतोय, भाई, मानसाचा," म्हात्रे म्हणाले. मुकादमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा त्यांनी पुढे काही न विचारता तार कापली.

प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे कापून त्यावर म्हात्रे पडवीत बसून वेढे घालायचे, तोंडाने मोजत. मध्ये कुणी बोललं की आकडा चुकायचा आणि सगळी गुंडाळी सोडून पुन्हा पहिल्यापासून. रंजना लग्नाच्या खरेदीचं काही विचारायला आली की ते हाताने थांब म्हणायचे. ती बिचारी "बाबा, एकशे बारा" असा शेवटचा आकडा लक्षात ठेवून तिथेच उभी राहायची.

पहिला प्रयोग त्यांनी मला न सांगता शाळेच्या स्पीकरवर केला, तोही स्नेहसंमेलनाच्या दिवशी. मुख्याध्यापक "शिस्त" या विषयावर बोलत होते. आवाज खरंच सुधारला होता, इतका की मागच्या रांगेतल्या पालकांनाही कंटाळा यायला लागला. सातव्या-आठव्या मिनिटाला खोक्यात फट्ट आवाज झाला, पांढरा धूर निघाला आणि कुजलेल्या माशासारखा असह्य वास सभागृहात पसरला. पाहुण्या बाई पदर तोंडाला लावून उठल्या. म्हात्र्यांनी अधिक-उण्याची खूण असलेला कंडेन्सर लावला होता. तसला कंडेन्सर स्पीकरवर टिकत नाही, फुगतो आणि फुटतो. हे मी त्यांना सांगायला हवं होतं आणि मला ते माहीत नव्हतं. मुख्याध्यापकांनी दोघांनाही बोलावून घेतलं. म्हात्रे बाहेर आल्यावर म्हणाले, "वास आला ना सगल्यांना? मला रोज येतो." त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

दुसरी भानगड महिनाभर चालली. आईच्या आवाजावर तपासणी करायची सोय नव्हती, कारण तिचा नेम. तेव्हा म्हात्र्यांनी आपली परीक्षा काढली. ते आत माइक घेऊन बसायचे आणि माशांची नावं म्हणायचे, एका सुरात, अर्थाचा पत्ता लागू न देता. मी अंगणाच्या टोकाला, खोका मधोमध. मला जे ऐकू येईल ते मी लिहायचं. निवटी, बोय, मुशी, मांदेली, जिताडा, करली, कोलीम. पहिल्या दिवशी वीसपैकी सात नावं मला बरोबर आली. बाकीच्यांच्या जागी मी जे लिहिलं होतं ते वाचून रंजना पोट धरून हसली. मी ब्राह्मणाच्या घरची, मला निम्मे मासे ठाऊकच नव्हते, हे म्हात्र्यांनी लक्षातच घेतलं नव्हतं. मग मी ती नावं पाठ केली. माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं.

नावं पाठ झाली तरी बोय, मुशी पोकळ यायची. मधोमध काहीतरी गिळल्यासारखं. म्हात्र्यांनी गुंडाळ्या बदलल्या, कंडेन्सर बदलले, गुंडाळ्या एकमेकींपासून लांब आडव्या-उभ्या ठेवून पाहिल्या. महिना गेला. शेवटी एका रविवारी त्यांनी मधल्या स्पीकरच्या दोन वायरी नुसत्या उलट्या करून लावल्या. एवढीच चूक होती. मधला आणि मोठा स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होते. आतून आवाज आला, "जिताडा." मी वळून पाहिलं, इतका तो जवळून आला. वीसपैकी वीस. म्हात्रे बाहेर आले, माझ्या हातातला कागद वाचला आणि दुसऱ्यांदा हसले.

पडवीत चांगुणाबायची जोडीदारीण बसली होती, पोशीबाय. धवला गायला दोघी लागतात. एक म्हणते, दुसरी मागून उचलते. तीस वर्षं दोघींची जोडी होती. सगळे खुशीत असताना तीच एकटी म्हणाली, "हसु, पयला व्हता तसाच बरा व्हता ना रं. लगीनघाईत कशाला नवीन?"

"तुला काय कलतंय त्यातला?" म्हात्रे म्हणाले.

मलाही ती अडाणी वाटली. म्हातारीला यंत्राची भीती वाटत असेल, असं समजून मी तिला दोन शब्द समजावून सांगितले. तिने माझ्याकडे बघून फक्त मान डोलावली. ते आठवलं की मला माझ्या त्या बाईपणाची, त्या समजावण्याच्या सुराची शिसारी येते.

रंजनाची हळद सकाळी होती आणि लग्न त्याच दुपारी. मांडव भरलेला, एका बाजूला नवऱ्याकडची माणसं, दुसऱ्या बाजूला गाव. दुसरा खोका म्हात्र्यांनी लावूच दिला नव्हता; ते नव्या टोपीत आपल्या खोक्याशेजारी उभे होते, हात मागे बांधून, परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहायचे तसे. चांगुणाबायने माइक हातात घेतला, एकदा आभाळाकडे पाहिलं आणि सुरू केलं.

मांडव आपोआप शांत झाला. शब्द न् शब्द सुटा येत होता. उंबराची फांदी, जात्याखालचे तांदूळ, हळदीची वाटी, पाण्याचा तांब्या, जे जे ती म्हणत होती ते ते मला दिसत होतं. माझ्याशेजारचा एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "किती वरसांनी कानाव पडला." बरगडीवर हात ठेवणारी पोरंसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी म्हात्र्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मग नावं आली. नवरीचं नाव घ्यायचं, तिथे चांगुणाबाय म्हणाली, "चांगुणा." आणि नवऱ्याच्या नावाला म्हणाली, "धर्मा."

धर्मा म्हणजे म्हात्र्यांचे वडील, वारून वीस वर्षं झालेले. तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात उच्चारत नाहीत. पोशीबायने चटकन पुढे सरकून वरच्या पट्टीत "रंजना, दिलीप" असं उचललं. पण खोका आता साफ झाला होता. दोन आवाज वेगवेगळे येत होते. पोशीबायची रंजना वेगळी आणि चांगुणाबायची चांगुणा वेगळी. पुढच्या कडव्यात परत धर्मा. त्याच्या आयबापाची नावं, मामाचं नाव, सगळी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लग्नातली माणसं ती एकेक करून मांडवात बोलावत होती, लाजत, अगदी नव्या नवरीच्या आवाजात.

आधी मंडळाच्या पोरांतून कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू पसरलं. "म्हातारी सोताचाच लगीन लावतेय!" एकजण मोठ्याने म्हणाला. नवऱ्याची आत्या उभी राहिली. "आमच्या पोराच्या हळदीत मेलेल्याचा नाव? बंद करा ता!" रंजनाचं तोंड हळदीच्या खालीही पांढरं पडलं होतं. आणि चांगुणाबाय गातच होती, कारण तिला या मांडवातलं कुणीच ऐकू येत नव्हतं.

म्हात्रे काय करत होते? ते खोक्याला कान लावून उभे होते. एक हात मागच्या फळीवर, बोटांनी वायरी चाचपत. ते बिघाड शोधत होते.

बटण शेवटी मी बंद केलं. ते कुठे आहे हे म्हात्र्यांखेरीज मलाच ठाऊक होतं. त्या हसणाऱ्या तोंडांची मला तेव्हा जी किळस आली ती मी शब्दांत सांगू शकत नाही. जेवणाच्या पंगतीत बसणं मला शक्य झालं नाही. लग्न लागलं, पोशीबायने एकटीने आवाज बसेपर्यंत गाऊन बाकीचे विधी तडीस नेले. संध्याकाळच्या एसटीसाठी निघताना मी तिला मांडवामागे गाठलं; म्हात्रेही तिथे आले होते. ती आमच्या दोघांकडे, माझ्याकडे आणि म्हात्र्यांकडे, न रागावता बघत होती.

"दोन वरसा झाली," ती म्हणाली. "ती चुकते, मी वरून गाते. खोका वायट व्हता म्हनून निभावला. तू साफ केलास, हसु."

सोमवारी म्हात्रे वेळेवर कामावर आले. परीक्षानळ्या विसळत पाठमोरे उभे होते. तसेच बोलले. "बाई, घरात ती मला कधी कधी बाबाचे नावानं हाक मारायची. मला वाटला, मस्करी करते. भात जेवली तरी परत मागायची. मी बोलायचो, आय, आवाज कसा खणखणीत हाय तुजा." मग नळ बंद केला. "मी आवाज ऐकत व्हतो. ती काय बोलते, ता कोन ऐकत व्हता?"

बाहेर बाजारात कुणाचा तरी कर्णा सुरू झाला. मी वाट पाहिली. म्हात्रे व्हरांड्यात गेले नाहीत. त्यानंतर शाळेत त्यांना थुंकताना मी कधी पाहिलं नाही, आणि मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

पुढच्या वैशाखात म्हात्र्यांच्या चुलत्याच्या घरी लग्न निघालं. कॅसेट लावायचं ठरलेलंच होतं. पण हळदीच्या दिवशी चांगुणाबाय सकाळपासून हिरवं लुगडं नेसून पडवीत तयार बसली, आणि तिला नको म्हणायला एकही माणूस पुढे होईना. म्हात्र्यांनी घरोघर जाऊन माणसांच्या हातापाया पडून एक दिवस मागून घेतला, असं मला नंतर पोशीबायकडून कळलं. मला त्यांनी शाळेत एवढंच सांगितलं होतं, "बाई, या. शेवटचा हाय."

मी पोचले तेव्हा धवला सुरू झाला होता. मांडवाच्या बाहेरच तो कानावर आला. तोच जुना आवाज. घूं घूं घूं, छातीवर उशी आपटल्यासारखा. खोक्याच्या मधल्या भोकात ती चंदेरी थाळी परत बसवलेली होती. त्या सगळ्या गुंडाळ्या, मोजून घातलेले ते वेढे, त्यांनी कापून काढले होते आणि मोठ्या स्पीकरला वायर सरळ मशीनमधून आणली होती, पहिल्यासारखी. पोरं बरगडीवर हात ठेवून बसली होती. बायका हळद लावत होत्या. पोशीबाय वरून गात होती. आणि मधोमध चांगुणाबाय, माइक दोन्ही हातांनी घट्ट धरून, तोंडभर हसत, धर्माशी लग्न लावत होती. एकालाही कळत नव्हतं.

म्हात्रे खोक्याला लागून उभे होते. तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांत पाणी. ओकारी दाबून धरलेल्या माणसाचा चेहरा. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, वास येतोय?"

"येतोय," मी म्हटलं.

"मंग बरा हाय," म्हात्रे म्हणाले, आणि त्यांनी आवाज आणखी थोडा वाढवला.